'आय अ‍ॅग्री विथ यू' म्हणजे होकार की नुसतीच मान डोलावणं?

ट्रान्सहार्बर
मंडळी, इंग्रजीवर धागा काढतोय म्हणून हसू नका, माझे दोन आठवडे आणि एक शनिवार पाण्यात गेलाय. मी ऐरोलीला एका कंपनीत, ठाण्याहून रोज वाशी लोकल. क्लायंट इंग्लंडचा. काम दोन आठवड्यांत होणं शक्यच नव्हतं, म्हणून मी सभ्यपणे मेल टाकली की टाइमलाइन फार टाइट आहे, अजून दोन आठवडे द्या. त्याचं उत्तर आलं, 'आय अ‍ॅग्री विथ यू दॅट द टाइमलाइन इज टाइट.' बस. एवढंच. आमच्या लीडने ती मेल मोठ्याने वाचून दाखवली, म्हणाला मिळाली रे मुदत, खाली जाऊन समोसे आणले, सगळे साडेसहाला घरी.
शुक्रवारच्या कॉलवर तो बाबा विचारतो, बिल्ड (म्हणजे तयार सॉफ्टवेअर) कुठंय? लीड म्हणाला, 'बट यू अ‍ॅग्रीड!' तर तो अगदी शांतपणे, 'आय अ‍ॅग्रीड विथ यू. आय डिडन्ट अ‍ॅग्री टू इट.' कॉलवर अशी शांतता की कुणाच्या तरी मागे कुकरची शिट्टी झाली तीपण सगळ्यांनी ऐकली. वर मी सावरायला गेलो आणि म्हणालो, 'येस येस, आय अ‍ॅम अ‍ॅग्री.' ते वेगळंच.
तर प्रश्न दोन. एक, हे विथ आणि टू एवढं महत्त्वाचं असतं का की तो मुद्दाम पकडत होता? दोन, 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' चूक आहे हे आता कळलंय, पण तोंडात तेच का येतं? बारावीपर्यंत इंग्रजीत बरे मार्क होते हो मला.

अर्धा कप
बाडिस.

अर्धा कप
(नवीन लोकांसाठी, बाय डिफॉल्ट सहमत. धागा न वाचता देता येतो, हाच त्याचा फायदा.)

घणसोलीचा
शीर्षक अर्धंच दिसत होतं, मला वाटलं आगरी लोकांवर धागा काढलाय कुणीतरी, भांडायच्या तयारीने आलो तर इथे इंग्रजीचा तास चालू. असो, आता आलोय तर बसतो. आमच्यात एवढी भानगड नाही, 'पटला का?' विचारायचं, पटला तर पटला.

निवृत्त मास्तर
ट्रान्सहार्बर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुमच्या डोक्यात वाक्य तयार होतं 'मी सहमत आहे'. त्यातला 'सहमत' हा शब्द क्रियापद नाही, विशेषण आहे, 'मी तयार आहे', 'मी खूश आहे' तसा. म्हणून शेवटी 'आहे' लागतं. त्या 'आहे'चा तुम्ही 'अ‍ॅम' केलात. पण इंग्रजीत अ‍ॅग्री हे स्वतःच क्रियापद आहे, 'खातो', 'जातो'सारखं. 'आय अ‍ॅम गो' आपण म्हणत नाही, मग 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' कसं म्हणणार. घंटाळीजवळच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, दर वर्षी वर्गात निम्मी मुलं हेच लिहायची आणि मी दर वर्षी तांबडी शाई. मग एकदा लक्षात आलं की मुलं इंग्रजीत चुकत नाहीयेत, मराठीत अगदी बरोबर आहेत. त्यानंतर मी 'सहमत' हा शब्दच बंद केला वर्गात. अ‍ॅग्री म्हणजे 'पटणं' असं सांगायला लागलो. पटणं हे क्रियापद. चुका बऱ्याच कमी झाल्या.
आता विथ आणि टू. तो माणूस पकडत नव्हता हो. त्याने तुम्हाला अगदी सरळ सांगितलं होतं. 'अ‍ॅग्री विथ' म्हणजे मला तुमचं म्हणणं पटतंय. 'अ‍ॅग्री टू' म्हणजे तुमची मागणी मी मान्य करतोय. आणि 'अ‍ॅग्री ऑन' म्हणजे आपलं दोघांचं ठरलं, तारीख, भाव, जागा. मराठीत ही तीन वेगळी क्रियापदं आहेत, पटणं, मान्य करणं, ठरणं, त्यामुळे आपल्याला कधी गोंधळ वाटत नाही. इंग्रजीने एकच क्रियापद घेतलंय आणि सगळा भार त्या पुढच्या इवल्याशा शब्दावर टाकलाय. आपण तो इवलासा शब्द गिळतो.

तळ्यात मळ्यात
मास्तर, एक्कच नंबर. म्हणजे त्याने मराठीत असं लिहिलं असतं, 'वेळ कमी आहे हे मला पटतं.' आणि यांनी समोसे आणले. 😂

ट्रान्सहार्बर
हो ना. आणि मराठीत कुणी असं म्हणालं असतं तर मी लगेच विचारलं असतं, पटतंय ना, मग देताय का मुदत? इंग्रजीत विचारलंच नाही, शरम वाटली की आपल्यालाच कळलं नाही असं वाटेल.

नेरूळची आत्या
घरातलं उदाहरण घ्या. मुलाने वेगळं घर घ्यायचं काढलं तेव्हा आमचे हे म्हणाले, 'मला पटत नाही, पण तू म्हणतोस तर घे.' हे इंग्रजीत कसं म्हणायचं मास्तर? पटलं नाही आणि तरी हो म्हणाले.

निवृत्त मास्तर
ताई, ते तर फार छान उदाहरण. त्यांनी 'अ‍ॅग्रीड टू इट' केलं, 'अ‍ॅग्रीड विथ इट' नाही केलं. दोन्ही एकाच वाक्यात बसतात आणि विरोधाभास अजिबात नाही. आणि ट्रान्सहार्बरच्या क्लायंटने बरोब्बर उलटं केलं, पटलं पण दिलं नाही. एक खूण लक्षात ठेवा, टू तिथेच येतो जिथे समोरच्याच्या हातात द्यायचं किंवा नाकारायचं काहीतरी असतं. हवा गरम आहे या मताला कुणी 'अ‍ॅग्री टू' करत नाही, हवा त्याच्या हातात नाही. अर्थात टूच्या पुढे क्रियापद आलं तर वेगळं, 'शी अ‍ॅग्रीड टू कम' म्हणजे ती यायला तयार झाली.

खाडीपलीकडे
मास्तरांना एक शंका. मीटिंगमध्ये आमचा साहेब शेवटी नेहमी विचारतो, 'सो, आर वी अ‍ॅग्रीड?' आणि तो इंग्लंडमध्ये शिकलेला माणूस आहे. इथे 'आर' कसं काय चालतं? आय अ‍ॅम चूक आणि वी आर बरोबर?

निवृत्त मास्तर
वा. मला वाटलंच होतं कुणीतरी हे काढणार. बरोबर आहे तुमचा साहेब. तिथे 'अ‍ॅग्रीड' आहे, 'अ‍ॅग्री' नाही. ते अ‍ॅग्रीड विशेषणासारखं वापरलंय, म्हणजे अगदी आपल्या 'सहमत'सारखं, 'आपण सगळे सहमत आहोत ना?' त्यामुळे 'वी आर अ‍ॅग्रीड' चालतं. तेच एकट्याने 'आय अ‍ॅम अ‍ॅग्रीड' म्हटलं तर कानाला खटकतं, कारण त्यात अनेकांचं एकमत अपेक्षित आहे, एकट्याचं कसलं एकमत. आणि हो, 'आय अ‍ॅम अ‍ॅग्रीइंग विथ यू' हेही शक्यतो टाळा. पटणं ही मनाची स्थिती आहे, चालू काम नाही. मराठीत 'मला पटतंय' आरामात म्हणतो आपण, म्हणून ते आयएनजी चिकटतं.

कळवा फास्ट
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका मास्तर. एवढ्या बारकाव्याला काही अर्थ नाही. आमच्या ऑफिसात अर्धे लोक जर्मन, चार पोलिश, दोन ब्राझीलचे, सगळे चुकीचं इंग्रजी बोलतात आणि प्रोजेक्ट डिलिव्हर होतात. ट्रान्सहार्बरची चूक व्याकरणाची नव्हतीच, त्याने फॉलोअप घेतला नाही ही चूक. मेल आली की उलट टपाली लिहायचं, 'धन्यवाद, म्हणजे नवीन तारीख अमुक धरतो.' काम तमाम. पुढे विथ असो नाहीतर टू.

अर्धा कप
कळवा फास्टशी असहमत, पण त्याच्या म्हणण्याला मान्यता आहे. किंवा उलट. आता मलाच कळेना.

कोर्टनाक्याची
मी वकील आहे, ठाणे कोर्टात, रोजचं काम लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याच्या घरांचे करार, फ्लॅटचे करार, सोसायट्यांची भांडणं. त्यामुळे हा शब्द माझ्या पोटापाण्याचा आहे, थोडं लांबेल.
भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात कलम १३ आहे, माझं सगळ्यात आवडतं कलम, एकाच वाक्याचं. मराठीत सांगायचं तर दोन किंवा जास्त माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाली तरच संमती झाली म्हणायचं. 'एकाच अर्थाने' हे शब्द बघा. ट्रान्सहार्बरच्या कॉलवर दोघांनीही अ‍ॅग्री हाच शब्द वापरला, अर्थ वेगळा, म्हणजे कायद्याच्या भाषेत संमती झालीच नव्हती.
आणि याचं जे गाजलेलं इंग्लिश प्रकरण कॉलेजात शिकवतात ना, त्यात आपली मुंबईच आहे. १८६४ ची केस, रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस. सुरती कापसाच्या १२५ गासड्या, मुंबईहून 'पीअरलेस' नावाच्या जहाजाने लिव्हरपूलला येतील असा सौदा. गंमत अशी की पीअरलेस नावाची दोन जहाजं मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरात, एक डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरचं, विकणाऱ्याच्या मनात डिसेंबरचं. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव सारखा वरखाली होत होता, दोन महिने म्हणजे मोठी गोष्ट. डिसेंबरचा माल आला तेव्हा घेणाऱ्याने हात वर केले, निकालही त्याच्याच बाजूने लागला. कागदावर शब्द एकच, डोक्यात जहाजं दोन.
अजून एक. आपण ठाण्यात 'अ‍ॅग्रीमेंट झालं का' म्हणजे सरसकट करार धरतो. कायद्यात अ‍ॅग्रीमेंट आणि काँट्रॅक्ट एक नाहीत. जे अ‍ॅग्रीमेंट कायद्याने अमलात आणता येतं तेच काँट्रॅक्ट. शनिवारी जेवायला भेटू हे अ‍ॅग्रीमेंट झालं, तुम्ही आला नाहीत म्हणून मी दावा लावू शकत नाही. आणि भाड्याच्या घरवाल्यांनो, ११ महिन्यांचंच आहे म्हणून नोंदणी नको असं एजंट सांगतो ते महाराष्ट्रात चालत नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी हवं आणि नोंदणीही हवी, आणि ती करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची.

पोटभाडेकरू
अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट घरी येतो ना, तेव्हा माझ्याकडून पंचवीस पानं दोन मिनिटांत 'अ‍ॅग्री' करून घेतली. लॉक-इन, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही, ते मला घर सोडायच्या दिवशी कळलं. डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं गेलं. पटलं नाही, पण अंगठा दिला होता.

कोर्टनाक्याची
@पोटभाडेकरू, अंगठा द्यायच्या आधी लॉक-इन आणि नोटीस पिरियड एवढी दोन कलमं तरी बोट ठेवून वाचायची. बाकीची तेवीस पानं बहुतेक सारखीच असतात.

नेरूळची आत्या
कोणी ते बोललंच नाही अजून. माझी सून दिल्लीची, लग्न होऊन नेरूळला आली तेव्हा पहिले दोन महिने तिला रोज काहीतरी, कधी पोट, कधी केस. डॉक्टरांना इंग्रजीत सांगत होती, 'द वॉटर हिअर डझन्ट अ‍ॅग्री विथ मी.' मी बाहेर बसलेले, मला वाटलं ही पाण्याशी कसला वाद घालते. मग डॉक्टरच मला म्हणाले, अहो, इथलं पाणी मानवत नाहीये तिला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, मानणं आणि मानवणं! आपल्याकडे पण तोच शब्द की. माणूस मानतो आणि पाणी मानवतं. आता मानवलंय तिला, सुरमई पण मानवली.

निवृत्त मास्तर
आत्याबाई, तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या शिक्षिका झाल्या असत्या. यात अजून एक मजा आहे. अ‍ॅग्री हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे 'आ ग्रे' म्हणजे मर्जीप्रमाणे, आवडीने. त्याच्या मागे लॅटिन 'ग्रातुस', म्हणजे सुखावणारं. ग्रेटफुल, ग्रेस, काँग्रॅच्युलेट हे सगळे त्याच घरातले. म्हणजे मुळात अ‍ॅग्री हा डोक्याचा शब्द नव्हताच, जिभेचा, मनाचा होता. पाणी मानवणं हा अर्थ त्या मानाने मुळाच्या जास्त जवळचा म्हणायला हरकत नाही.

स्टँपवाले काका
मास्तर, मग आमच्या दस्तातला शब्द ऐका. चाळीस वर्षं तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलो, प्रत्येक दस्ताच्या शेवटी एकच ओळ, 'सदरचा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला असे.' आता ह्यातला 'राजी' अरबी, त्याचाही अर्थ खूश, समाधानी असाच. तुमच्या फ्रेंचांनीही खुशीवरून होकार काढला आणि अरबांनीही. कबूल, मंजूर, करार, हे सगळे तिकडूनच आलेले. 'सहमत' मात्र दस्तात मी एकदाही लिहिला नाही, तो पेपरातला शब्द. आणि राजीखुशी लिहिताना समोर रडत बसलेली बहीण मी हक्कसोडपत्रावर किती वेळा बघितली ते विचारू नका. एकदा एकीला म्हटलं, ताई, इथे राजीखुशीने लिहिलंय, खरंय ना? ती म्हणाली, भाऊबीज बंद व्हायला नको काका. अंगठा लावला आणि गेली.

तळ्यात मळ्यात
काका... 🙏

घणसोलीचा
यावर काही बोलत नाही. माझ्या घरात पण झालंय. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटच्या वेळी.

कळवा फास्ट
वातावरण गंभीर झालं म्हणून सांगतो, सोसायटीच्या एजीएममध्ये माझा अनुभव. सूचक एक, अनुमोदक एक, बाकीचे चाळीस जण बटाटेवड्याकडे बघतायत. सेक्रेटरी ठराव वाचतो, 'मंजूर?' सगळे 'मंजूर!' हे सत्यनारायणात भटजी 'मम म्हणा' म्हणतात आणि आपण न ऐकता 'मम' म्हणतो तसंच. इतिवृत्तात छापून येतं, सर्वानुमते ठरले. लिफ्टचे प्रत्येकी अठरा हजार भरायची वेळ आली तेव्हा चाळीसपैकी चाळीस म्हणाले आम्ही कधी हो म्हणालो?

खाडीपलीकडे
आमच्या मिनिट्समध्ये पण तेच येतं, 'इट वॉज अ‍ॅग्रीड दॅट...' कुणी अ‍ॅग्री केलं ते कधीच नाही लिहीत. 'असे ठरले.' कुणाचं ठरले, देव जाणे.

चौथी सीट
मी फुटबॉल बघतो, तिथे ब्रिटिश बातम्यांत सर्रास असतं, 'क्लब्ज अ‍ॅग्री फी', 'अ‍ॅग्री अ डील'. ना विथ ना टू ना ऑन. हे चूक आहे का मास्तर?

निवृत्त मास्तर
नाही, ब्रिटिशांत चालतं. 'अ‍ॅग्री टर्म्स', 'अ‍ॅग्री अ प्राइस', म्हणजे बोलणी करून ठरवलं. अमेरिकन माणूस तिथे ऑन किंवा टू घालेल. परीक्षेत मुलांनी ऑन लिहावं, कुणी मार्क कापणार नाही.
आणि राहिलं म्हणून, 'आय अ‍ॅग्री माय मिस्टेक' हे लिहू नका. मराठीत चूकही कबूल करतो आणि अटही कबूल करतो, इंग्रजीत चुकीसाठी 'अ‍ॅडमिट' लागतं. माझ्याकडे आलेल्या माफीपत्रांत नव्वद टक्के हेच असायचं, आणि खाली पालकांची सही मुलाच्याच अक्षरात.

पहिली बेंच
मास्तर, व्याकरणातलं सब्जेक्ट-व्हर्ब अ‍ॅग्रीमेंट म्हणजे पण हेच अ‍ॅग्री का? माझ्या लेकीचा उद्या पेपर आहे.

निवृत्त मास्तर
तेच. तिथे अर्थ 'जुळणं'. इंग्रजी 'ही' आला तर 'गोज', 'दे' आला तर 'गो', क्रियापद कर्त्याशी जुळलं पाहिजे. लेकीला सांगा, इंग्रजीत हे पोरखेळ आहे, आपल्या मराठीत बघ, 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', खाणारी तीच, पण क्रियापद आंब्याशी नाहीतर पोळीशी जुळतंय. कर्मणी प्रयोग. आणि 'आईने मुलाला मारलं' म्हटलं की कुणाशीच जुळत नाही, भावे प्रयोग. जी मुलगी हे न चुकता रोज बोलते तिला एक एस लावायला काय अवघड आहे.

पहिली बेंच
वाचून दाखवलं तिला. म्हणाली, 'आईने मुलाला मारलं' हेच उदाहरण का घेतलं.

कळवा फास्ट
मास्तर, शेवटी आपलं 'अ‍ॅग्री टू डिसअ‍ॅग्री' करूया, मी अजूनही म्हणतो फॉलोअप महत्त्वाचा.

निवृत्त मास्तर
चालेल की. हा वाक्प्रचार चर्चमध्येही सापडतो, १७७० मध्ये इंग्रज धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड गेले तेव्हा त्यांचे सहकारी धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या प्रवचनात तो आहे. दोघांचे धर्माच्या मुद्द्यावर चांगलेच मतभेद होते, पण मैत्री टिकली. आपल्यात व्हाइटफील्ड कोण ते मात्र तू ठरव.

ट्रान्सहार्बर
अपडेट. काल क्लायंटला दोन ओळींची मेल टाकली, कोर्टनाक्याची ताईंचं कलम १३ डोक्यात ठेवून आणि कळवा फास्टचं ऐकून. 'टाइमलाइन टाइट आहे हे तुम्हाला पटलं, धन्यवाद. २४ तारीख तुम्हाला मान्य आहे का? हो किंवा नाही कळवा.' विथ आणि टू दोन्ही जागच्या जागी, तीनदा तपासून. उत्तर आलं एका शब्दाचं, 'अ‍ॅग्रीड.'
आता हे अ‍ॅग्रीड कशाला, पहिल्या वाक्याला की दुसऱ्या?

कोर्टनाक्याची
😂😂 परत विचार त्याला.

ट्रान्सहार्बर
विचारलं. दुसऱ्याला. मिळाली मुदत. समोसे या वेळी तारीख लेखी आल्यावर आणले.

तळ्यात मळ्यात
मग कट्टा करूया की याच निमित्ताने. रविवारी सकाळी साडेआठ, तलावपाळीला भेटू, तिथून मिसळ. काय म्हणता?

घणसोलीचा
पटतंय.

नेरूळची आत्या
कल्पना छान आहे.

अर्धा कप
बाडिस.

तळ्यात मळ्यात
पटतंय नको, छान नको, बाडिस तर नकोच नको. येणार का ते सांगा, मोजून टेबल धरायचंय.

घणसोलीचा
येतो. दोघं.

स्टँपवाले काका
येतो. राजीखुशीने.